पिनियल ग्रंथी, रात्री गाणारा दयाळ आणि आपल्या विश्वामित्रीतली मगर

रावपुरेकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बडोद्यातले, बडोद्याबाहेर गेलेले, सगळेच उत्तर देऊ शकता.

होळी झाली की आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या कडुनिंबावर दयाळ गायला लागतो. गाऊ दे, त्याचे दिवस आहेत. पण फाटकावर पांढराफेक एलईडी बसवल्यापासून गडी रात्री दोन-अडीचलाच सुरू होतो. शेजारचे काका म्हणतात, पक्षी बिघडला. मी म्हणतो, पक्षी नाही, त्याची ग्रंथी बिघडली.

माझं म्हणणं असं. डोक्यात पिनियल नावाची ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचं हार्मोन सोडते, प्राणी झोपतो. उजाडलं की बंद करते, प्राणी उठतो. म्हणजे कुठल्याही प्राण्याची दिवसरात्र ग्रंथी चालवते, मेंदू तिच्या हुकमाचा ताबेदार. दिव्याने ग्रंथीला फसवलं, ग्रंथीने दयाळाला, आणि दयाळाने माझी झोप घालवली.

काका मानायला तयार नाहीत. शास्त्र शिकलेले लोक इथे आहेत, तुम्हीच निकाल द्या. शक्यतो माझ्या बाजूने.

खारीसिंग

पहिला! आता धागा वाचतो.

मीनल_अकोटा

आमच्याकडे दयाळ नाही, कोकीळ आहे. पहाटे साडेतीन. एकाने सुरुवात केली की समोरच्या सोसायटीतला उत्तर देतो आणि मग जुगलबंदी. सासूबाई म्हणतात किती गोड, कारण त्या श्रवणयंत्र काढून झोपतात.

घुबडराव

रावपुरेकर, एक शंका. मेलाटोनिन सुटलं की प्राणी झोपतो म्हणता. मग वटवाघूळ आणि उंदीर यांच्यात मेलाटोनिन दिवसा सुटायला हवं ना? नाही सुटत. त्यांच्यातही ते रात्रीच वाढतं, आणि नेमके तेव्हाच हे प्राणी हुंदडायला बाहेर पडतात.

(माझी कायमची रात्रपाळी आहे, त्यामुळे या विषयावर हक्काने बोलतो.)

खारीसिंग

वाचला. घुबडराव +१. धागाकर्ता क्लीन बोल्ड, आणि तोही तिसऱ्या प्रतिसादात.

रावपुरेकर

बोल्ड कसला, नो बॉल आहे. दयाळ निशाचर नाही.

प्राणिशास्त्र_८७

घुबडरावांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. झोपेची गोळी म्हणून मेलाटोनिनचं नाव झालं, त्यामुळे ते झोप आणणारंच रसायन अशी समजूत पसरली. प्राण्याच्या शरीरात त्याचा निरोप एवढाच असतो की आता रात्र आहे आणि ती एवढी लांब आहे. त्यावर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. चिमणी झोपते, उंदीर कामाला लागतो.

ॲड्रिनल ग्रंथीचं मात्र उलट आहे. माणसात तिचं हार्मोन कॉर्टिसॉल पहाटे, उठायच्या सुमारास, सर्वांत जास्त असतं. उंदरात त्याचाच भाऊबंद कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी चढतो, कारण त्याची सकाळ तेव्हा होते. म्हणजे एक ग्रंथी सूर्याप्रमाणे वागते आणि दुसरी प्राण्याच्या कामाच्या वेळेप्रमाणे. सगळ्या ग्रंथींना एकाच माळेत ओवू नका.

आता मूळ दावा, की ग्रंथीच सगळं चालवते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्ट रिक्टर नावाचे गृहस्थ होते. उंदराच्या पिंजऱ्यात चाक बसवायचं आणि तो कधी किती पळतो ते वर्षानुवर्षं नोंदवायचं, हा त्यांचा उद्योग. घड्याळ कुठे आहे ते शोधायला त्यांनी एकेक ग्रंथी काढून पाहिली: ॲड्रिनल, थायरॉइड, पिट्युटरी, जननग्रंथी, पिनियल. काही उंदीर फार कमी पळायला लागले, पण जे काही पळायचे ते आपल्या ठरल्या वेळी. शेवटी मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमसमध्ये इजा केली तेव्हा कुठे वेळापत्रक कोसळलं. १९७२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी नेमकी जागा दाखवली. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत, दोन्ही मिळून सुमारे २०,००० पेशी. तेच मुख्य घड्याळ.

जुन्या बडोदेकरांना मिलचा भोंगा आठवत असेल. घड्याळ मॅनेजरच्या खोलीत, भोंगा छपरावर. अख्खा मोहल्ला भोंग्यावर चालायचा, पण भोंगा काढून नेला म्हणून घड्याळ थांबत नाही. उंदरात आणि आपल्यातही पिनियल म्हणजे तो भोंगा.

मीनल_अकोटा

सर, भोंगा एकदम पटला. बाकी तो उंदरांचा छळ वाचवला नाही.

रावपुरेकर

सर, दंडवत. पण मी उंदराबद्दल विचारलंच नव्हतं, पक्ष्याबद्दल विचारलं. पक्ष्याचं सांगा.

प्राणिशास्त्र_८७

सांगतो, आणि तुम्हाला ते आवडेल याची भीती वाटते.

१९६८ साली टेक्सासमध्ये गॅस्टन आणि मेनाकर यांनी आपल्या घरात येते त्याच जातीच्या चिमणीची पिनियल काढली आणि तिला कायमच्या अंधारात ठेवलं. साधी चिमणी अंधारातही आपला दिवस-रात्रीचा ताल सांभाळते. पिनियल काढलेलीचा ताल पूर्ण मोडला, दिवस नाही रात्र नाही, केव्हाही उड्या. पुढे १९७९ साली झिमरमन आणि मेनाकर यांनी अशा चिमणीच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत दुसऱ्या चिमणीची पिनियल बसवली. काही दिवसांत ताल परत आला, आणि तो आला देणाऱ्या चिमणीच्या वेळेवर! तिकडच्या चिमणीची जी सकाळ, तीच इकडच्या चिमणीची सकाळ झाली.

म्हणजे चिमणीत घड्याळ भोंग्यातच बसवलेलं आहे.

रावपुरेकर

हा घ्या निकाल! काकांना स्क्रीनशॉट पाठवला आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

घुबडराव

थांबा हो. त्याच चिमणीला रोज ठरावीक वेळ उजेड आणि ठरावीक वेळ अंधार दिला तर काय होतं, ते सरांना विचारा.

प्राणिशास्त्र_८७

तेच लिहीत होतो. पिनियल नसलेली चिमणी उजेड-अंधाराच्या चक्रात ठेवली तर ती दिवसा जागते, रात्री झोपते. म्हणजे ग्रंथीशिवायही तिला दिवस पाळता येतो, मनाने मोजता येत नाही. तुमच्या फाटकावरचा दयाळ काही कायमच्या अंधारात राहत नाही, तेव्हा स्क्रीनशॉट परत मागवा.

शिवाय सगळे पक्षी चिमणीसारखे नाहीत. कबुतरात पिनियल काढली तरी ताल बराचसा टिकतो, कारण डोळ्याच्या पडद्यातही मेलाटोनिन बनतं. दोन्ही गेलं की मग मोडतो.

अजून एक गंमत. चिमणीचे डोळे पूर्ण निकामी केले तरी ती उजेडाप्रमाणे दिवस पाळते, कारण पक्ष्यांत उजेड कवटीतून थेट आत पोचतो. मेनाकरनी डोक्यावरची पिसं उपटली तर आंधळी चिमणी आणखी मंद उजेड ओळखू लागली. टाळूच्या कातडीखाली काळी शाई टोचली तर मंद उजेड ओळखेनाशी झाली.

खारीसिंग

म्हणजे दयाळाला टोपी घालायची. प्रश्न मिटला. धागाकर्ता, शिडी आहे का?

मांडवी_ते_माँट्रियल

बडोदं सोडून खूप वर्षं झाली, पण असा धागा दिसला की थांबतोच. कॉलेजात असताना आमच्या प्राणिशास्त्र विभागात पक्ष्यांवर बरंच काम चालायचं असं सीनियर सांगायचे. जे. सी. जॉर्ज सरांचं नाव तर जगभर होतं, बर्जर यांच्याबरोबरचा पक्ष्यांच्या स्नायूंवरचा त्यांचा ग्रंथ १९६६ चा. हिवाळ्यात शहरात हजारोंनी उतरणाऱ्या भोरड्या परत जाण्याआधी अंगात चरबी कशी साठवतात, हा त्यांचा आवडता विषय. संध्याकाळी स्टेशनकडच्या झाडांवर त्या उतरल्या की खाली स्कूटर लावायची सोय नसायची.

अवांतर झालं, पण आठवण आली.

वढवाणा_रविवार

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. भोरडीपेक्षा भारीट जास्त लागू पडतो. काळ्या डोक्याचा भारीट हिवाळ्यात आपल्याकडे शेतांतून असतो. दिवसा दाणे टिपतो, रात्री झोपतो, अगदी सरळमार्गी. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी परतीचे दिवस आले की हाच पक्षी रात्री उडतो. पिंजऱ्यात ठेवलेला असला तरी रात्रभर पंख फडफडवत, उड्या मारत जागा राहतो. उत्तर भारतात विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारिटांवर वर्षानुवर्षं काम केलंय. या अस्वस्थ दिवसांत पक्ष्यांचं रात्रीचं मेलाटोनिन खाली येतं, युरोपातल्या वटवट्यांमध्येही हेच दिसलं.

म्हणजे रात्री जागा असलेला प्रत्येक पक्षी बिघडलेला नसतो. काही पक्षी वर्षातले काही आठवडे शरीरानेच पाळी बदलून घेतात.

काळाघोडा_पूल

सगळं ठीक आहे, पण बडोद्याच्या धाग्यात चिमण्या, उंदीर, भारीट, आणि आपली मगर कुठाय? विश्वामित्रीवर रोज येता-जाता बघतो. थंडीत दुपारी काठावर तोंड उघडून पडलेली असते, उन्हाळ्यात दिवसा दिसतसुद्धा नाही, रात्री फिरते. तिची पिनियल काय म्हणते?

प्राणिशास्त्र_८७

काळाघोडा, तुम्ही या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न विचारलात.

मगरीला पिनियल नसते.

मगर, सुसर, ॲलिगेटर या साऱ्या कुळात ती नाही. सरड्याच्या डोक्यावर मधोमध एक वेगळा खवला दिसतो, त्याखाली उजेड ओळखणारा तिसरा डोळा असतो आणि तो पिनियलचाच जोडीदार. बागेतला साधा सरडा पकडून बघा, दिसेल. पक्ष्यांत पिनियल ठळक. आणि पक्ष्यांची आजची सर्वांत जवळची नातलग जी मगर, तिच्यात नेमकी गायब. तरी १९८० साली ॲलिगेटरच्या रक्तात मेलाटोनिन सापडलं, म्हणजे ते दुसरीकडून येतं. उजेड ओळखणारे काही जनुकही मगरीच्या कुळात निकामी झाले आहेत. त्यावरून काही संशोधक म्हणतात की या कुळाचे पूर्वज फार मोठा काळ रात्री वावरणारे असावेत.

आणि ग्रंथी नसून तिचा दिनक्रम तुम्ही वर्णन केलात तसा चोख चालतो. घड्याळ मेंदूत, उजेड डोळ्यांतून आणि त्यावर तापमानाचा मोठा अंमल. अंग गार आहे तोवर ऊन खायचं, तापलं की पाण्यात. म्हणून तिचं थंडीतलं वेळापत्रक वेगळं आणि मे महिन्यातलं वेगळं.

खारीसिंग

रावपुरेकर, "कुठल्याही प्राण्याची दिवसरात्र ग्रंथी चालवते" या तुमच्या वाक्याला मगरीने गिळलं. हलके घ्या.

विश्वामित्री_काठ

२०२४ च्या ऑगस्टच्या पुरात आमच्या गल्लीत मगर आली होती. रात्री अकराला पार्किंगमध्ये. सोसायटीतल्या सर्वांचं कॉर्टिसॉल भलत्या वेळी चढलं होतं एवढं सांगतो, पहाटेची वाट पाहिली नाही.

मीनल_अकोटा

हसून हसून पुरे वाट.

पण एक खरंच विचारायचं होतं. आमची मांजर म्हातारी आहे. पूर्वी रात्रभर पायाशी झोपायची. हल्ली रात्री घरभर येरझाऱ्या घालते, ओरडते, दोनदा खायला मागते, आणि एवढं खाऊनही वाळत चाललीये. हे पण घड्याळाचंच का?

गोठा_आणि_दवाखाना

मीनलताई, घड्याळावर ढकलू नका, आधी रक्त तपासा. मी पशुवैद्य आहे. म्हातारी मांजर, भूक वाढलेली, वजन उतरतंय, रात्री ओरडणं आणि अस्वस्थपणा: यात पहिला संशय थायरॉइडचा घ्यायचा. उतारवयातल्या मांजरांमध्ये थायरॉइड वाजवीपेक्षा जास्त काम करणं हा नेहमीचा आजार आहे. टी-४, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनाची तपासणी, करून घ्या, सोबत मूत्रपिंड आणि रक्तदाबही बघायला सांगा. गोळ्यांनी आटोक्यात येतो. कुत्र्यांत बहुधा उलट, थायरॉइड कमी पडतं आणि कुत्रा दिवसभर पडून राहतो. मालक म्हणतात शांत झालाय.

धाग्याच्या मुद्द्याचं बोलायचं तर इथे ग्रंथी घड्याळ हलवत नाही, जागेपणाचा जोर वाढवते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथल्या चर्चेत त्यांची खिचडी होतेय असं वाटलं.

आणि पिनियल म्हणाल तर आमच्या धंद्यात तिचा खरा परिणाम दिवसाच्या तालावर नाही, वर्षाच्या तालावर दिसतो. खेडा-बडोद्याकडची सुरती म्हैस घ्या. म्हैस दिवस लहान होऊ लागले की माजावर येते. रात्र लांबली, मेलाटोनिन जास्त वेळ टिकलं, तिला कळतं आता वेळ आली. उन्हाळ्यात माज मुका असतो, कधी येतो कधी जातो, पशुपालकाला पत्ता लागत नाही. दहा-साडेदहा महिन्यांचा गाभणकाळ धरला तर आपल्याकडे बहुतेक म्हशी पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर का वितात, त्याचा हिशोब लागतो. मेंढ्यांना तर मेलाटोनिनची बारीक कांडी कानामागे कातडीखाली घालून हंगाम अलीकडे आणतात. म्हशींवरही तसे प्रयोग झालेत.

घुबडराव

डॉक्टर, हा फरक महत्त्वाचा. ताल वेगळा, जोर वेगळा. रिक्टरचे उंदीरही तेच सांगत होते: ग्रंथी काढली की पळणं घटलं, वेळ तीच.

डभोई_रोड_अंडीवाला

आमचं पोल्ट्री आहे, म्हणून लिहितो. अंडी हवी असतील तर लेअरला, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीला, दिवसाचा आणि बल्बचा मिळून १६ तास उजेड द्यावा लागतो. हे वडिलांच्या काळापासून करतो, कारण मात्र आत्ता कळतंय.

कोंबडीचं अंडं २४ तासांपेक्षा थोडं जास्त घेतं, म्हणून ती रोज जरा उशिरा अंडं देते. सरकत सरकत वेळ फार पुढे गेली की एक दिवस सुट्टी, दुसऱ्या दिवशी परत सकाळी. नव्या पोराला ही सुट्टी समजत नाही, तो म्हणतो कोंबडी आजारी.

गोठा_आणि_दवाखाना

बरोबर. अंडं सुटण्याआधी पिट्युटरीतून एलएच हार्मोन उसळावं लागतं आणि ती उसळी रात्रीच्या ठरावीक तासांतच येऊ शकते. अंड्याचा आपला हिशोब २४ च्या वरचा, त्या ठरावीक तासांचा हिशोब रोजच्या रात्रीचा. दोन्ही जुळले नाहीत की सुट्टी. ग्रंथी आणि घड्याळ यांचं भांडण कसं दिसतं ते बघायचं असेल तर कोंबडीच्या खुराड्यात बघा.

खारीसिंग

आणि कोंबडा? तो कुणाला विचारून ओरडतो?

प्राणिशास्त्र_८७

स्वतःच्या घड्याळाला. नागोयाच्या शिमुरा आणि योशिमुरा यांनी २०१३ साली कोंबड्यांना कायम मंद उजेडात ठेवलं, तरी ते रोज ठरल्या सुमाराला आरवत राहिले. दिवा लागण्याच्या वेळापत्रकात ठेवले तर दिवा लागायच्या साधारण दोन तास आधीच सुरू. पुढे २०१५ साली आणखी एक दिसलं. खुराड्यात जो सर्वांत वरचढ, तो आधी आरवतो, बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून. आणि सुरात सूर मिसळायला मूळचा जोर लागतो तो टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे नराच्या हार्मोनाचा.

विश्वामित्री_काठ

आमच्या गणेश मंडळात आरती अशीच सुरू होते. अध्यक्षांच्या आधी कुणी तोंड उघडलं तर वर्षभर बोलणं बंद.

मांडवी_ते_माँट्रियल

सर, तुम्ही उंदरात घड्याळ मेंदूत म्हणालात. पण तो मेंदूचा पुंजका आपला निरोप पाठवतो कसा? फक्त नसांनी?

प्राणिशास्त्र_८७

हा प्रश्न रावपुरेकरांनी विचारला नाही हे त्यांचं दुर्दैव, कारण उत्तर त्यांच्या बाजूला थोडं झुकतं.

१९९० साली राल्फ, मेनाकर वगैरेंनी एका विचित्र हॅमस्टरचा (उंदरासारखा छोटा प्राणी) पुंजका वापरला. त्याचा दिवस जनुकातल्या बदलामुळे सुमारे २० तासांचा होता. तो पुंजका साध्या हॅमस्टरमध्ये बसवला, त्याचा स्वतःचा आधी नष्ट करून. साधा हॅमस्टर २० तासांचा दिवस जगू लागला. मग १९९६ साली रे सिल्व्हर यांच्या गटाने तो पुंजका एका सूक्ष्म छिद्रांच्या पुडीत बंद करून बसवला. रसायन पाझरेल, पण नसा बाहेर वाढू शकणार नाहीत अशी पुडी. तरी हॅमस्टर ठरल्या तालात पळू लागला.

रावपुरेकर

म्हणजे मेंदू पाझरतो! रसायन सोडतो! मग ती ग्रंथी नाही तर काय? काका, वाचताय ना?

घुबडराव

पुडीच्या प्रयोगातला दुसरा भाग सर मुद्दाम ठेवत आहेत असा संशय आहे.

प्राणिशास्त्र_८७

ठेवत नाही, चहा घेत होतो. पुंजका असा बसवला तर पळण्याचा ताल परत येतो, पण हार्मोनांचा ताल परत येत नाही. त्यासाठी नसाच लागतात. पिनियलपर्यंतचा रस्ता तर फारच लांबचा आहे: डोळा, पुंजका, तिथून खाली पाठीच्या कण्यात, मानेतल्या गाठीतून परत वर डोक्यात पिनियलला. जागेपणाला पाझर पुरतो, ग्रंथीला हुकूम द्यायला तार लागते.

कीटकांत हा वाद आणखी रंगला होता. १९५० च्या दशकात केंब्रिजच्या जॅनेट हार्कर यांनी दोन झुरळं पाठीला पाठ लावून जोडली, खालच्याचं डोकं काढलेलं, आणि सांगितलं की वरच्या झुरळाच्या हार्मोनमुळे खालचं वेळेवर पळतं. बरीच वर्षं ग्रंथीवाल्यांचा हा हुकमी एक्का. पण इतरांना तो प्रयोग तसा साधेना, आणि १९६८ पर्यंत झुरळाचं घड्याळ डोळ्यांमागच्या मेंदूच्या भागात आहे आणि पळण्याचा हुकूम नसांवाटे जातो असं दिसलं.

ग्रंथीवाले हरले म्हणेपर्यंत १९७० साली ट्रुमन आणि रिडिफर्ड पतंगांवरचा प्रयोग घेऊन आले. रेशमाच्या पतंगांच्या दोन जाती. एक कोशातून सकाळी बाहेर येते, दुसरी दिवस कलताना. एकीचा मेंदू काढून दुसरीच्या पोटात ठेवला. पोटात, नसांचा काही संबंध नाही. पतंग बाहेर आला तो ज्याचा मेंदू त्याच्या वेळेला. इथे घड्याळ आणि हार्मोन दोन्ही मेंदूचेच. यातली एक जात आपल्या टसरच्या किड्याची जवळची नातलग आहे.

मीनल_अकोटा

पोटात मेंदू. आमच्याकडे नवरात्रात गरब्याहून परतल्यावर सगळ्यांचं असंच असतं. रात्री एकला सेव उसळ.

गोठा_आणि_दवाखाना

गंमत सोडा, तो मुद्दाही खरा आहे. भलत्या वेळी खाल्लं तर यकृताचं घड्याळ सरकतं, मेंदूचं जागच्या जागी राहतं. २००० साली उंदरांत दाखवलंय. उंदराचा तो पुंजका नष्ट केला तरी ठरल्या वेळी खाणं मिळत असेल तर तो त्याच्या आधी जागा होऊन वाट बघतो. बिस्किटवाल्या काकांची वाट बघणारी गल्लीतली कुत्री आठवा.

वढवाणा_रविवार

मंडळी, दयाळ राहिला. दिवसभर वाचतोय आणि त्याच्याकडे कुणी परत येत नाहीये.

माझ्या मते तिथे दोन गोष्टी एकत्र आल्यात. एक, मंद उजेडसुद्धा पक्ष्याचं रात्रीचं मेलाटोनिन कमी करतो. जर्मनीत डोमिनोनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली कस्तूर पक्ष्यांना रात्री फक्त ०.३ लक्स उजेड दिला, म्हणजे जेमतेम पौर्णिमेचं चांदणं. त्या नरांची विणीची तयारी जवळपास महिनाभर आधी झाली. फाटकावरचा एलईडी फांदीवर किती पडत असेल ते तुम्हीच बघा.

दुसरी गोष्ट टेस्टोस्टेरॉन. दयाळ रात्री नुसता जागा असता तर तुम्हाला कळलंही नसतं. तो गातोय कारण विणीचा हंगाम आहे. हे हार्मोन वेळेशीही खेळतं: ग्विनर यांनी १९७४ साली मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगला ते दिलं, तर काहींचा दिवस चक्क दोन तुकड्यांत फुटला, थोडं जागणं इकडे, थोडं तिकडे. खच्ची केलेल्या नर उंदरांचा दिवस किंचित लांबतो आणि पळणं घटतं, हार्मोन परत दिलं की पूर्ववत.

प्राणिशास्त्र_८७

सुंदर मांडलंत. एक जोड देतो: पक्ष्याला हंगाम कळतो तो पिनियलमुळे नाही. मेंदूत खोल असलेल्या उजेड ओळखणाऱ्या पेशी, तिथून पिट्युटरीच्या देठाशी थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, त्याने मेंदूतच थायरॉइडचं रसायन जागं होतं आणि मग जननग्रंथी वाढतात. हे योशिमुरांच्याच गटाने लावा पक्ष्यात उलगडलं. वर डॉक्टरांनी सांगितलेल्या म्हशीत तेच काम मेलाटोनिनवर चालतं, पक्ष्यात त्याच्याशिवाय भागतं.

म्हणून रावपुरेकर, तुमच्या दयाळाची पिनियल बिघडलेली नाही. ती दिलेल्या उजेडाला जसं वागायला हवं तसंच वागतेय.

रावपुरेकर

म्हणजे पक्षी बिघडला नाही हे माझं खरं, ग्रंथी बिघडली नाही हे तुमचं खरं, आणि दिवा दोषी हे दोघांचं खरं. काकांचं काहीच खरं नाही. मला एवढं पुरे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. दिवा काढायला कुणी तयार नाही, चोरीची भीती. शेवटी वरून पत्र्याचं झाकण लावून उजेड फक्त खाली पाडायचा आणि पांढऱ्याऐवजी पिवळा, कमी वॉटचा घ्यायचा असं ठरलं. खर्च कोणी करायचा यावर मीटिंग तहकूब.

वढवाणा_रविवार

झाकण उत्तम. जमलं तर माणूस आल्यावरच पेटणारा घ्या, वीजही वाचेल. मात्र दयाळ पहाटे अंधारातच गातो, तो त्याचा धर्म. साडेचारला ऐकू आला तर परत धागा काढू नका.

मीनल_अकोटा

डॉक्टर, मांजरीचं टी-४ वाढलेलं निघालं. गोळ्या चालू केल्या. मोठे आभार.

आता कोकिळेचं सांगा. आमच्या बाजूला दिवा नाहीच, बंद कारखान्याचं पटांगण आहे, मिट्ट काळोख. मग झाकण कशाला लावू?

वढवाणा_रविवार

कोकिळेला काही करता येत नाही. हंगामात तो काळोखातही ओरडतो. पाऊस सुरू झाला की हळूहळू थांबेल.

खारीसिंग

तोवर सासूबाईंचा उपाय.

मीनल_अकोटा

मला नीट ऐकू येतं, तीच तर अडचण आहे. कापूस आणलाय.